नृत्यनिपुण विद्यार्थ्यांची शिफारस : कोणी, केव्हा आणि कशी करावी?



शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी रंगमंचावर येते, संबळाचा ठेका सुरू होतो आणि मागच्या ओळीत गप्पा मारणारे पालकही क्षणभर स्तब्ध होतात. कार्यक्रम संपतो, टाळ्या होतात, प्रमुख पाहुणे शंभराची नोट बक्षीस देतात. दुसऱ्या दिवशी मंडप उतरवला जातो आणि त्या मुलीच्या गुणाची आठवणही बहुधा मंडपाबरोबरच गुंडाळून ठेवली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दहावी झाली की नृत्य संपते. हा अनुभव परभणी जिल्ह्यातील आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव आणि त्याच्या आसपासची डोंगराळ भागातील गावे व तांडे डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हा लेख लिहीत आहोत. या परिसरात कलेला तोटा नाही. गोंधळ, भारूड, लेझीम, बंजारा तांड्यांवरील होळीची लेंगी नृत्ये हे सारे येथील मुलांनी पाळण्यातून ऐकलेले व पाहिलेले असते. परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांनी या मातीतील गोंधळाची कीर्ती जिल्ह्याबाहेर दूरवर पोहोचवली. मग आपल्या शाळांतील मुलामुलींची नावे कलाविषयक शिष्यवृत्त्यांच्या व पुरस्कारांच्या यादीत इतकी विरळ का दिसतात? आमच्या मते याचे प्रमुख कारण गुणांचा अभाव हे नसून, त्यांचे नाव योग्य वेळी व योग्य शब्दांत पुढे पाठवणारा वडीलधारा माणूस त्यांना लाभत नाही, हे आहे. अर्ज कोणी भरत नाही, म्हणून निवड होत नाही. शिफारशीचे हे काम नेमके कसे करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कोणकोणती दारे उघडी आहेत?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की शिष्यवृत्ती, स्पर्धा आणि पुरस्कार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती मुलाला पुढे शिकता यावे म्हणून दिली जाते. स्पर्धेत त्या दिवशीचे सादरीकरण पाहिले जाते. पुरस्कार आधी केलेल्या कामगिरीबद्दल मिळतो. या तिन्हींची गल्लत झाली की चुकीच्या मुलाचे नाव चुकीच्या ठिकाणी जाते.

शिष्यवृत्तीमध्ये सर्वात महत्त्वाची योजना नवी दिल्ली येथील सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजेच ‘सीसीआरटी’ची आहे. हे केंद्र १९७९ मध्ये स्थापन झाले आणि १९८२ पासून ‘सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती’ ही योजना सुरू झाली. दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांची त्यासाठी निवड होते. योजनेत एकूण ६५० शिष्यवृत्त्यांची तरतूद असून त्यांपैकी १२५ परंपरेने कला सादर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी, १०० आदिवासी संस्कृतीशी निगडित मुलांसाठी आणि काही दिव्यांग मुलांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. वर्षाला ३,६०० रुपये आणि त्याशिवाय गुरूला द्यावयाच्या शुल्कापोटी जास्तीत जास्त ९,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. रक्कम मोठी नाही. परंतु प्रगती समाधानकारक असल्यास ती पहिली पदवी मिळेपर्यंत अथवा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. गोंधळी घरातील मुलासाठी किंवा मुलीसाठी त्या १२५ जागा म्हणजे खास त्यांच्याच दारावर लिहिलेली पाटी होय. मात्र ती पाटी वाचून दाखवणारा कोणी तरी हवा.

स्पर्धांमध्ये ‘कला उत्सव’ हा उपक्रम प्रमुख आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तो २०१५ मध्ये सुरू केला. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी तो जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्यांनी होतो. महाराष्ट्रात त्याची जबाबदारी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. यात प्रवेश शाळेमार्फतच होतो. शास्त्रीय नृत्याइतकेच पारंपरिक लोकनृत्याला येथे स्थान आहे. चित्रपटगीतांवरील नृत्याला मात्र वाव नाही. आपल्या अनेक शाळांची पहिली चूक नेमकी येथेच होते. स्नेहसंमेलनात गाजलेले सिनेमातील गाणे तसेच्या तसे घेऊन मुले जिल्ह्याच्या ठिकाणी जातात आणि आजीकडून शिकलेले, अस्सल असे नृत्य घरीच राहून जाते.

पुरस्कारांमध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्काराचा उल्लेख केला पाहिजे. महिला व बालविकास मंत्रालयाच्या या पुरस्कारात कला व संस्कृती हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे. पाच ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी तो असून कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो. मूल स्वतःही अर्ज करू शकते. अलीकडच्या वर्षांत नामांकने साधारणतः जुलैअखेरपर्यंत राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर स्वीकारली गेली आहेत. हा पुरस्कार देशभरातून अगदी मोजक्या मुलांना मिळतो. २६ डिसेंबर २०२४ रोजी तो सतरा मुलांना प्रदान करण्यात आला. म्हणून शाळेतील प्रत्येक गुणी मुलासाठी हे दार ठोठावणे योग्य नव्हे. असाधारण कामगिरी असेल तरच तेथे जावे.

याखेरीज दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला व लोककला यांतील प्रावीण्याबद्दल अतिरिक्त गुण मिळतात. त्यासाठी मान्य संस्थेचे प्रमाणपत्र आणि शाळेने विभागीय मंडळाकडे मुदतीत पाठवलेला प्रस्ताव आवश्यक असतो. दुसरे म्हणजे, शाळा संपल्यावरही वाट बंद होत नाही. नागपूरचे दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आपल्या विभागातील अठरा ते तीस वर्षे वयाच्या तरुण कलावंतांची पुरस्कारासाठी निवड करते. मात्र तेथवर पोहोचायचे, तर शालेय वयात कला टिकली पाहिजे.

वयाचे व ऋतूचे गणित

वरील माहितीत एक अडचण दडलेली आहे. शिष्यवृत्तीचे दार चौदाव्या वर्षी बंद होते, तर कला उत्सवाचे दार नववीत उघडते. आठवीतील मूल साधारणपणे तेरा-चौदा वर्षांचे असते. ‘अजून लहान आहे, दहावीत गेल्यावर पाहू’ असे जे शिक्षक प्रेमाने म्हणतात, ते नकळत त्याचे पहिले दार बंद करून टाकतात. म्हणून पाचवी ते आठवीतील मुलांकडे शिष्यवृत्तीच्या दृष्टीने आणि नववीपासून पुढच्या मुलांकडे कला उत्सवाच्या दृष्टीने पाहावे, असा साधा नियम प्रत्येक शाळेने करावा.

दुसरे गणित आपल्या भागाचे आहे. गंगाखेड तालुक्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्यातच परततात. कलाविषयक स्पर्धा आणि अर्जांच्या मुदती मात्र बहुतांशी याच महिन्यांत येतात. नाव पाठवायची वेळ येते तेव्हा मूल फडावर असते, आईवडिलांची सही मिळत नाही, जन्मदाखला पेटीत बंद असतो. यावर उपाय एकच. जून-जुलैमध्ये, शाळा उघडल्याबरोबर, जन्मतारखेचा दाखला, आधार कार्डाची व आवश्यक तेथे जातीच्या दाखल्याची प्रत आणि पालकांचे लेखी संमतिपत्र घेऊन एका फाईलमध्ये ठेवावे. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तेथे पालकांशी बोलून मूल त्या काळात गावीच राहील, असे पाहावे. पुरस्कार मिळो वा न मिळो, त्याची शाळा तरी बुडणार नाही.

कोणाची निवड करावी?

शिक्षणहक्क कायद्याने, २००९ च्या तरतुदींनुसार, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ग्रामीण शाळांमध्ये नृत्य जाणणारा शिक्षक क्वचितच असतो. गणिताच्या वा मराठीच्या शिक्षकालाच हा निर्णय घ्यावा लागतो. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, नृत्याचे शास्त्र न जाणणाऱ्यालाही काही गोष्टी स्पष्ट दिसू शकतात.

ताल बदलला की मुलाचे पाऊल बदलते का, की शेजाऱ्याकडे पाहून ते मागाहून बदलते? चूक झाल्यावर ते थांबते, की सावरून पुढे जाते? कोणी पाहत नसतानाही ते सराव करते का? दाखवलेली हालचाल ते केवळ उचलते, की तिच्यात स्वतःचे काही मिळवते? आणि शेवटी, इतर मुले त्याच्याकडे शिकायला येतात का? वर्गातील मुले ज्याला आपण होऊन ‘आम्हाला बसवून दे’ असे म्हणतात, त्याच्याकडे शिक्षकाने अवश्य लक्ष द्यावे. मुलांचा हा कौल सहसा चुकत नाही.

येथे पक्षपाताचा मोह टाळला पाहिजे. भरजरी पोशाख भाड्याने आणू शकणाऱ्या घरची मुले रंगमंचावर अधिक खुलून दिसतात. संस्थाचालकांच्या नात्यातील, परिचितांच्या घरातील मुले सहज डोळ्यांसमोर येतात. मागच्या बाकावरचे, अबोल, शाळेच्या मळक्या गणवेशातच नाचणारे मूल मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. मुलग्यांचाही विसर पडू देऊ नये. नृत्य मुलींचेच असे मानून आपण कितीतरी मुलग्यांना गप्प केले आहे. निवड एकट्याने न करता तिघांनी मिळून करावी आणि त्या तिघांत गावातील एखादा वयोवृद्ध लोककलावंत असावा. संबळावर ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या कानाइतका विश्वासू परीक्षक शाळेला दुसरा कोठे मिळणार?

शिफारसपत्र कसे लिहावे?

शिफारसपत्र ही एक साक्ष असते. साक्षीदाराने जे पाहिले ते सांगावयाचे असते. विशेषणांची आरास मांडावयाची नसते. आपल्या शाळांतून सामान्यतः पुढील धर्तीचे पत्र जाते: ‘सदर विद्यार्थिनी अत्यंत गुणी, होतकरू व आज्ञाधारक असून तिचे नृत्य अप्रतिम असते. तरी तिचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ या पत्रातील नाव बदलले, तर ते महाराष्ट्रातील कोणत्याही मुलीला लागू पडेल. निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

आता एक काल्पनिक नमुना पाहा: ‘ही विद्यार्थिनी तीन वर्षे आमच्या शाळेत आहे. घरात गोंधळाची परंपरा असून संबळाचे ठेके ती आजोबांकडून शिकली. सातवीत असताना तिने वर्गातील अकरा मुलींकडून लेझमीचे पंधरा हात बसवून घेतले. लय वाढते तेव्हा तिचे पाऊल चुकत नाही. हातांच्या हालचालींत मात्र अजून स्पष्टता यावयाची आहे. गावात नृत्यशिक्षक नाही. शिष्यवृत्ती मिळाल्यास दर शनिवारी गंगाखेडला जाऊन शिकण्यास आईवडिलांची संमती असून येण्याजाण्याची व्यवस्था शाळा पाहील.’

दुसऱ्या पत्रात स्तुतीचा शब्द जवळपास नाही. तरीही वाचणाऱ्यासमोर एक जिवंत मुलगी उभी राहते. ती कोठून शिकली, तिने काय केले, तिच्यात काय कमी आहे आणि मदतीचे चीज कसे होईल, हे सारे त्यात आले आहे. उणीव लिहिली म्हणून संधी जाईल, अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते. वस्तुतः एक प्रामाणिक उणीव उरलेल्या सर्व विधानांना वजन देते. न मिळवलेले बक्षीस, न झालेला कार्यक्रम पत्रात कधीही लिहू नये. खोट्या आधारावर उभे केलेले मूल पहिल्याच प्रश्नाला कोसळते आणि त्याची लाज त्यालाच आयुष्यभर बाळगावी लागते.

चित्रफीत मागितली असल्यास ती साध्या मोबाईलवर, दिवसाच्या उजेडात, मोकळ्या ओट्यावर घ्यावी. मोबाईल स्थिर ठेवावा. डोक्यापासून पावलांपर्यंत संपूर्ण शरीर दिसेल इतके अंतर राखावे. नृत्यात पावलेच दिसली नाहीत, तर परीक्षकाने काय पाहावे? मध्ये कापाकापी करू नये. मुलांचे छायाचित्र अथवा चित्रफीत पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोठेही पाठवू नये आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये.

पालकांच्या शंका

‘नाचून पोट भरते का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. तो चुकीचा नाही. ज्यांच्या हातात कोयता आहे, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहेच. त्यांना खोटी आशा दाखवू नये. नृत्याने घर चालेलच असे नाही. परंतु शिष्यवृत्तीमुळे शिक्षण सुरू राहू शकते, दहावीच्या गुणांत भर पडू शकते आणि गावाबाहेर चार लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य येते, एवढे मात्र निश्चित सांगता येते. नववीनंतर जिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, त्या मुलीच्या हातात शाळेच्या नावाने आलेले एक निवडपत्र असेल, तर घरातील संभाषणाची दिशा बदलू शकते. हे यश चषकाहून मोठे आहे.

‘आपल्या ख्रिस्ती मुलींनी नाचावे का?’ असेही काही जण दबक्या आवाजात विचारतात. कराराच्या कोशापुढे दावीद राजा नाचला, हे आपण बायबलमध्ये वाचतो. युरोपातून आलेले फादर जॉर्ज प्रोक्श यांनी अंधेरीच्या ज्ञान आश्रमात भारतीय संगीत व नृत्य यांच्या आधारे आयुष्यभर काम केले. तेव्हा शंका नृत्याविषयी नसावी. मुलांची सुरक्षितता, पोशाखाची शालीनता आणि प्रवासात जबाबदार स्त्री-शिक्षिकेची सोबत यांविषयी असावी. या तीन गोष्टींची लेखी हमी शाळेने द्यावी, म्हणजे बहुतेक पालक स्वतःहून तयार होतात.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना अशी की, प्रवेशशुल्क भरा आणि ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ पुरस्कार घ्या, अशी पत्रे व संदेश आता खेड्यापाड्यांतही येऊ लागले आहेत. मंचावर एक ढाल, एक शाल आणि एक छायाचित्र, याच्या मोबदल्यात गरीब पालकांकडून हजारो रुपये घेतले जातात. ज्या पुरस्कारासाठी आधी पैसे मोजावे लागतात, तो पुरस्कार नसून खरेदी होय. शंका आल्यास शिक्षणाधिकारी कार्यालयात अथवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी.

दुसरी सूचना अपयशाविषयी आहे. दहा नावे पाठवली तर नऊ परत येतील, हे आधीच मुलाला सांगावे. ‘तुझे नाव आम्ही पाठवले, कारण तुझ्यात आम्हाला हे हे दिसले’ असे त्याच्यासमोर उच्चारावे आणि शक्य असल्यास पत्राची प्रत त्याच्या हाती द्यावी. आपल्या गुणाविषयी कोणा मोठ्या माणसाने विचारपूर्वक चार ओळी लिहिल्या, ही गोष्ट मूल विसरत नाही. निवड दिल्लीत वा पुण्यात होईल. पण दखल येथे, राणीसावरगावातच घेता येते.

समारोप

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक शाळेत एक फाईल, एक जबाबदार शिक्षक आणि वर्षातून तीन तारखांची आठवण एवढे पुरेसे आहे: जूनमध्ये कागदपत्रे, जुलैमध्ये नावांची निवड, दिवाळीपूर्वी अर्ज. आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनी, विशेषतः संगणकाचे ज्ञान असलेल्यांनी, जवळच्या शाळेत जाऊन दर वर्षी एक दिवस ऑनलाईन अर्ज भरून द्यावेत. त्या शाळेत आपली मुले आहेत की नाहीत, याचा विचार करू नये. गुण जात वा धर्म पाहून जन्माला येत नाही. योजनांचे नियम व मुदती वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचूनच पुढील पाऊल टाकावे.

येत्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाच्या पावलांनी आपले लक्ष वेधून घेतले, तर टाळ्या अवश्य वाजवाव्यात. परंतु त्यानंतर खिशातून लेखणी काढून त्याचे नाव, इयत्ता आणि जन्मतारीख टिपून घ्यावी, एवढीच आमची आपणा सर्वांना विनंती आहे.